कानचिठ्ठी

कोशाच्या कार्यालयात एक नियम होता, आणि तो खुद्द मुख्य संपादकांनी केलेला असल्यामुळे मोडायची कोणाची छाती नव्हती. दर शनिवारी प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या आणून द्यायच्या. त्या आठवड्यात कानावर पडलेली पाच वाक्यं, बोलणाऱ्याच्या तोंडची, जशीच्या तशी. खाली तारीख, जागा, बोलणारा कोण, कोणाशी बोलला आणि कोणाबद्दल. नाव घालायचं नाही, नुसता धंदा किंवा नातं. न्हावी गिऱ्हाइकाशी, जावई सासऱ्याबद्दल, असं. ज्या शब्दासाठी चिठ्ठी केली त्याच्याखाली रेघ मारायची. या चिठ्ठ्यांना सगळे कानचिठ्ठ्या म्हणत.

इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द लिहायचा तर तो जिवंत माणसाच्या तोंडचा हवा, असा मुख्य संपादकांचा हट्ट. "पुस्तकातलं मराठी मला नको, ते इस्त्री केलेलं असतं," असं ते म्हणत. त्यामुळे कोशात छापायचं प्रत्येक उदाहरण कानचिठ्ठीवरचंच लागे. बसल्या जागी रचलेलं वाक्य त्यांना वासावरून कळतं, असा त्यांचा दावा होता. आणि एकदा आलेली चिठ्ठी फाडायची नाही, मग ती शिवी का असेना. चौदा वर्षांत चिठ्ठ्यांनी भरलेले बुटांचे खोके तीनशेच्या वर गेले होते. भिंतीला लागून छतापर्यंत ते रचलेले असत आणि पहिल्यांदा आलेला माणूस आपण चुकून चपलांच्या दुकानात शिरलो की काय म्हणून दारातच थबकायचा.

हे खोके लावायचं काम टाचणीकाकांकडे होतं. काका मुळात प्रुफं तपासायचे. शर्टाच्या कॉलरला कायम सात-आठ टाचण्या टोचलेल्या, म्हणून हे नाव. बाकीचे लोक शुक्रवारी दुपारी डोकं खाजवत पाच वाक्यं आठवायचे. काका मात्र आठवड्याला वीस-वीस चिठ्ठ्या आणत. त्यांचे कान तिखट होते आणि तोंड जवळजवळ बंद. समोरचा माणूस बोलायला लागला की ते त्याच्याकडे बघायचे सुद्धा नाहीत, खिशातून चिठ्ठी काढायचे. त्यांच्या बायकोने त्यांच्याशी बोलणं का सोडलं होतं ते यावरून समजावं.

आणि होत्या बाई. सहसंपादक हे पद कागदावर कुठेच नव्हतं, पण कामावरून बघितलं तर त्या तेच होत्या. एकतिसाव्या वर्षी आल्या, आता पंचेचाळीस. सुरुवातीला त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ होते. ते पाचव्या वर्षी सोडून गेले आणि त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांचं काम बाईंच्या टेबलावर आलं. 'जरा बघा बरं तेवढं' असं म्हणून ते आलं, आणि मग ते तिथलंच झालं.

बाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं, याला एक कारण होतं. पहिल्या खंडाच्या शीर्षकपानावर मुख्य संपादकांच्या नावाखाली आपलं नाव येणार, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री कुठून आली, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना एक वाक्य दाखवता आलं नसतं. सर, म्हणजे मुख्य संपादक, तसं कधी म्हणाले नव्हते. "तुमच्याशिवाय हा कोश उभाच राहिला नसता," असं म्हणाले होते, चारचौघांत. "खंड निघू दे, मग आहेच," असं म्हणाले होते. एकदा एका पाहुण्याला ओळख करून देताना "हा कोश आमचा दोघांचा," असं म्हणाले होते आणि बाई त्या दिवशी घरी जाताना दोन थांबे पुढे गेल्या होत्या.

सहा वर्षांपूर्वी त्यांना एका कॉलेजातून पत्र आलं होतं. भाषा शिकवायची नोकरी, धाकटी बहीण राहत होती त्याच गावात. पत्र घेऊन बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सरांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जा," ते म्हणाले. "मी तुम्हाला अडवणारा कोण. फक्त शीर्षकपानावर एकटं नाव बघायला मला कसंतरीच होईल, एवढंच."

बाईंनी त्याच संध्याकाळी कॉलेजला नकार कळवला. बहीण चार महिने बोलली नाही. पुढे त्या कॉलेजात जागा निघाल्या तेव्हा बाईंचं वय उलटून गेलं होतं. पण त्या कधी हळहळल्या नाहीत. एकटं नाव बघायला सरांना कसंतरी होणार होतं, आणि ते होऊ द्यायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आता पहिला खंड, ए ते एम, छापखान्याच्या उंबरठ्यावर होता. शेवटचे शंभरेक शब्द राहिले होते. शीर्षकपान सगळ्यात शेवटच्या प्रुफांबरोबर येणार होतं. आणि त्या शंभरांत, बाईंच्या वाट्याला, 'मिसलीड' हे क्रियापद आलं.

शब्द दिसायला सोपा. शाळेतली मुलंसुद्धा सांगतील, दिशाभूल करणे. पण बाईंना असं सोपं काही आवडत नसे. त्यांनी कागदावर एकेक प्रतिशब्द लिहून तो चाखून बघितला. फसवणे हा फार मोठा डगला, त्यात काहीही मावतं. गंडवणे म्हटलं की मधे पैसा येतो. बनवणे म्हटलं की हसू येतं. डोळ्यांत धूळ फेकायला हुशारी लागते आणि केसाने गळा कापायला आधी विश्वास लागतो. थाप मारणारा खोटं बोलतो, पण मिसलीड करणाऱ्याला खोटं बोलावंच लागतं असं नाही. त्यांना हवा होता असा माणूस, जो दुसऱ्याला नुसता चुकीच्या वाटेने चालू देतो. झुलवणे जवळचं होतं. त्यांनी काकांकडून 'फसवणूक' असं लिहिलेले तिन्ही खोके मागवले.

हे खोके त्यांच्या ओळखीचे होते. डीमधल्या 'डिसीव्ह'च्या आणि एचमधल्या 'होक्स'च्या वेळी त्यांनी ते पालथे घातले होते. एच संपून सात वर्षं झाली, त्यानंतर त्यांना हात लावायची वेळ आली नव्हती. मधे 'लीड' हा शब्द होता, त्यातल्या 'लीड ऑन'साठी हे खोके लागले असते, पण तो सरांनी स्वतःकडे घेतला होता आणि सर कधी खोके उघडत नसत. आपल्याला सगळ्या चिठ्ठ्या पाठ आहेत, असं ते म्हणायचे.

दुपारच्या चहानंतर बाईंनी दुसरा खोका उघडला. 'झुलवणे'च्या मागे 'कोपराला गूळ लावणे' होतं. आपल्या कोपराला आपली जीभ कधी लागत नाही, पण वास येत राहतो आणि माणूस मान वाकडी करत राहतो. हे तर फारच चांगलं, असं म्हणत बाईंनी त्या जुडग्याची टाचणी काढली. सात चिठ्ठ्या होत्या. सून सासूबद्दल, भाडेकरू मालकाबद्दल, एक उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्याबद्दल. पाचवी काकांच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात होती.

"जात होती, थांबवली. कोपराला गूळ लावलाय तिच्या. आता खंड होईपर्यंत चाटत बसेल."

खाली लिहिलं होतं: बोलणारा, संपादक. कोणाशी, प्रकाशकाशी, फोनवर. जागा, केबिनचं दार. कोणाबद्दल, हाताखालची बाई. तारीख होती कॉलेजला नकार कळवल्याच्या तिसऱ्या दिवसाची.

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग सवयीने उलटून मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं.

पहिल्यांदा त्यांना जे लागलं ते वेगळंच होतं. लागला तो 'तिच्या' हा शब्द. चौदा वर्षं या माणसाने त्यांना 'अहो बाई' खेरीज हाक मारली नव्हती. पंखा बंद करायला सांगतानासुद्धा "बघता का जरा" म्हणायचे. आणि पाठीमागे ती जात होती, ती थांबवली, तिच्या कोपराला. एखादी म्हैस दावं तोडून निघाली होती आणि वेळेवर धरली, अशा थाटात. मग बाकीचा अर्थ हळूहळू आत उतरला, आणि त्यांना संताप आला. समोर काका बसले होते.

काकांनी वर बघितलं नाही. त्यांचं प्रुफ तपासणं चालूच होतं. बाई उठल्या आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

"काका, ही तुमची?"

काकांनी अक्षर बघितलं, तारीख बघितली. "माझी."

"तुम्ही हे ऐकलंत?"

"ऐकलं म्हणून तर लिहिलं. शब्द न् शब्द तसाच आहे. 'बसेल' म्हणाले, 'राहील' नाही. मी तेव्हाच लिहून घेतलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

काकांनी पेन खाली ठेवलं. आपल्यावर असा आळ येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "सांगितलं नाही कसं," ते म्हणाले. "त्याच शनिवारी चिठ्ठी दिली. तुमच्या खोक्यात लावली. फसवणुकीचे शब्द तुमच्याकडेच होते ना तेव्हा."

"सहा वर्षं झाली काका."

"मला काय माहीत तुम्ही उघडला नाहीत म्हणून." त्यांनी कॉलरची एक टाचणी काढली आणि परत तिथेच टोचली. "मला वाटलं तुम्ही वाचलीत. वाचून सुद्धा थांबलात. माझ्या मनात तुमच्याबद्दल फार आदर होता, खरं सांगतो. म्हटलं, बाईंना नावाचं काही नाही, कामाचं आहे."

बाईंना हसावं की या म्हाताऱ्याच्या कानाखाली आवाज काढावा ते कळेना. सहा वर्षं हा माणूस त्यांच्यापासून चार हातांवर बसत होता. डब्यातली चटणी सुद्धा पुढे करायचा. आणि सगळा वेळ हा आपल्याला सगळं माहीत असल्याचं धरून चालला होता.

"तोंडाने सांगता आलं नसतं?" त्यांनी विचारलं.

"ती चहाडी झाली असती," काका म्हणाले. "चिठ्ठी म्हणजे काम." आणि एवढं बोलणं त्यांच्या महिन्याभराच्या हिशेबाबाहेर गेल्यामुळे ते परत प्रुफात घुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या. रात्रभर त्यांनी मनात बरंच काही बोलून ठेवलं होतं. पण सर खिडकीशी उभे होते, हातात चहाचा कप, आणि त्यांनी वळून इतक्या आपुलकीने "या, या" म्हटलं की बाईंची सगळी वाक्यं गोळा होऊन बसली. चौदा वर्षं त्या या खोलीत शब्दाबद्दल बोलायला येत आल्या होत्या. तोंडातून तेच निघालं.

"सर, मिसलीडचं विचारायचं होतं. त्यासाठी खोटं बोलावं लागतं का?"

सरांचा चेहरा खुलला. असा प्रश्न म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "तीच तर गंमत आहे," ते म्हणाले. "खोटं बोललात की शब्दच बदलला, तो 'लाय' झाला. मिसलीड करणारा एक अक्षर खोटं न बोलता काम भागवतो. खरं तेवढंच सांगतो, आणि उरलेलं समोरच्याला समजू देतो. समोरचा आपल्या पायांनी चुकतो."

"आणि हेतू? मनात असावं लागतं?"

"डिसीव्हला लागतं. मिसलीडला असेल तर असेल, नाहीतर नाही. रस्त्यावरची वाकडी झालेली पाटीसुद्धा मिसलीड करते, तिच्या मनात काय असणार? आपल्या फसवण्याला मात्र कोणीतरी फसवणारा लागतो. म्हणून नुसतं फसवणे लिहू नका. उदाहरण चांगलं टाका, म्हणजे अर्थ आपोआप उघडेल." त्यांनी कप ठेवला. "बघा ना, तुम्ही विचारलंत म्हणून मला बोलता आलं. बाकी इथे कोणाला पडलंय."

हे सुद्धा खरंच होतं. बाईंना ते खरं आहे हे कळत होतं आणि म्हणूनच ते अंगाला चिकटत होतं.

"शीर्षकपान कधी येतंय?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या प्रुफांबरोबर."

"त्यावर…"

"बघू," सर म्हणाले. "प्रकाशकांशी बोलायचंय मला." आणि ते टेबलावरचे कागद उचलून वाचू लागले. म्हणजे उठा आता, असा त्याचा अर्थ होता, आणि तोही त्यांनी तोंडाने सांगितला नव्हता.

घरी बाईंची आई होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, डोळे निम्मे गेलेले, जीभ मात्र शाबूत. बाई आत शिरल्या की आई आधी पाणी विचारायची आणि मग कोशाचं विचारायची. एकाही पानाचा तिला अर्थ लागला नसता, पण शेजारणींना तिने सांगून ठेवलं होतं की आमच्या मुलीचं नाव पुस्तकावर यायचंय. आता ते सांगून नऊ वर्षं झाली होती. त्यातल्या दोन शेजारणी वाट बघता बघता वारल्या.

"एमपर्यंत आलात ना गं?" जेवताना आईने विचारलं. "मग झालंच की आता."

"झालंच."

"नाव केवढ्या अक्षरात असतं? बारीक असलं तर मला दिसायचं नाही. तू त्या छापखानेवाल्याला सांगून ठेव. नंतर म्हणशील राहिलं."

बाईंनी घास गिळला. इथे त्यांना सांगता आलं असतं. आई, माझं नाव येणार नाही, आणि कदाचित कधीच येणार नव्हतं. दोन वाक्यांचं काम. पण आई ताटावर वाकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ते कौतुक होतं, जे बाईंना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं.

"शीर्षकपानाची अक्षरं मोठी असतात आई," त्या म्हणाल्या.

एक अक्षर खोटं नव्हतं. आई समाधानाने मान हलवत जेवत राहिली आणि बाईंना स्वतःची एवढी किळस आली की त्या हात धुवायला उठल्या. आपण काय केलं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. सकाळीच त्याचा अर्थ समजावून घेऊन आल्या होत्या.

तीन दिवस बाई 'मिसलीड' घेऊन बसल्या. बाकीचे शब्द भराभर हातावेगळे होत होते, हा मात्र टेबलावरून हलत नव्हता. त्यांनी अर्थ लिहिले. एक, चुकीच्या वाटेने नेणे. दोन, गैरसमज करून देणे किंवा झालेला तसाच राहू देणे. हा 'राहू देणे' त्यांनी स्वतःच्या मनाने घातला होता आणि त्या बाबतीत त्या मुख्य संपादकांनाही जुमानणार नव्हत्या. मग प्रतिशब्द. मग उदाहरणाची जागा मोकळी.

तिथे काय घालायचं ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धीर तेवढा होत नव्हता. नियमाप्रमाणे वाक्य शंभर टक्के बसत होतं. ऐकलेलं होतं, तारीख होती, साक्षीदार होता, आणि अर्थ असा उघडत होता की दुसरं उदाहरण शोधून सापडलं नसतं. प्रत्येक पानाचं शेवटचं प्रुफ सर स्वतः वाचत, ओळ न् ओळ. त्यांच्यासमोर हे वाक्य येईल. आपलीच भाषा त्यांना ओळखू येईल. त्यांचा हात थांबेल. मग ते आपल्याला हाक मारतील किंवा मारणार नाहीत, पण शीर्षकपान अजून हातात आहे, आणि लाजेकाजेस्तव का होईना ते एक ओळ वाढवतील. बाईंच्या डोक्यात हे चित्र इतकं नीट बसलं होतं की त्यात सरांची मान कुठल्या बाजूला खाली जाईल, ते सुद्धा ठरलेलं होतं.

म्हणजे एवढं सगळं वाचून झाल्यावरही बाईंची आशा सुटली नव्हती. ती माणसाला कुठवर पोचवते ते बघा. समोर जाऊन "सर, तुम्ही माझी सहा वर्षं खाल्लीत," असं म्हणायचं सोडून त्या कागदावर एक ओळ लिहीत होत्या, ती योग्य दिवशी योग्य माणसाने वाचावी म्हणून.

चौथ्या दिवशी त्यांनी वाक्य लिहिलं, चिठ्ठी मागे टाचली आणि पान छापखान्याकडे पाठवलं.

शेवटची प्रुफं नऊ दिवसांनी आली. छापखान्याच्या माणसाने गठ्ठा थेट केबिनमध्ये नेला. बाईंच्या हातून त्या दिवशी कसलंच काम झालं नाही. काचेच्या दारातून सरांची पाठ दिसत होती आणि पान उलटताना कोपर हलायचं तेवढं दिसत होतं. दुपारी एकदा ते कोपर बराच वेळ हललं नाही. मग ते हललं.

संध्याकाळी गठ्ठा त्यांच्या टेबलावर आला. सगळ्यात वर शीर्षकपान होतं. कोशाचं नाव, खंड पहिला, मुख्य संपादक, आणि त्यांचं एकट्याचं नाव, चांगल्या मोठ्या अक्षरात. खाली पान मोकळं होतं. आणखी एक ओळ सहज मावली असती. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'छापा' आणि सही.

बाईंनी ते पान बाजूला केलं आणि 'मिसलीड' काढलं. 'राहू देणे'वर खूण नव्हती. उदाहरणाखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं: 'उत्तम. अस्सल. असंच हवं.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग शीर्षकपान आणि ते पान, दोन्ही घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या, दार न वाजवता. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

सर पेन्सिलीला टोक करत होते. "आलात? बसा. बाई, काम फार देखणं झालंय हो."

"मिसलीडचं उदाहरण वाचलंत?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"वाचलं म्हणजे काय. दोनदा वाचलं. असं वाक्य रचून येत नाही. 'चाटत बसेल', काय ऐट आहे त्याची. बोलणारा माणूस पुढ्यात उभा राहतो. कोणाची चिठ्ठी?"

"टाचणीकाकांची. सहा वर्षांपूर्वीची."

"बोलणारा कोण?"

"तुम्ही."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. हात पुढे करून पान घेतलं आणि परत वाचलं, ओठ हलवत. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग सर हसले, जरा लाजल्यासारखे, कोणी जुना फोटो दाखवल्यावर माणूस हसतो तसे.

"असेल," ते म्हणाले. "माझीच भाषा आहे ही. मला वाटलंच, ओळखीचं वाटतंय." मग त्यांनी मान वर केली. "कोणाबद्दल म्हणालो होतो मी?"

बाई शब्द कानांनी तोलणाऱ्या होत्या. ऐकलेल्या वाक्यात कुठे खोट आहे, कुठे रचलंय, हे ओळखण्यावर त्यांचं पोट होतं. त्यांनी त्या प्रश्नात खोट शोधली, अगदी जीव तोडून शोधली. ती सापडली असती तर त्यांना भांडता आलं असतं. पण प्रश्न साधा होता आणि सर उत्तराची वाट बघत होते.

"माझ्याबद्दल," बाई म्हणाल्या.

"छे," सर म्हणाले. "भलतंच काय. तुमच्याबद्दल मी असं कशाला म्हणेन? तुम्ही तर या कोशाचा कणा आहात." त्यांनी पान टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि डोळे मिटून कपाळ चोळत ते मनापासून आठवू लागले. "दुसरी कोणीतरी असणार. थांबा हं. सहा वर्षांपूर्वी… तेव्हा कोण बरं होतं आपल्याकडे?"

तेव्हा त्या कार्यालयात दुसरी बाई नव्हती. त्याच्या आधीही कधी नव्हती. बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि सर डोळे मिटून आठवत बसले.